बर्फात अडकल्यावर लीडर काय करतो, आणि मला शॅकल्टनपेक्षा वाइल्ड का जवळचा वाटतो

बाय, तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. ही फोंड्याची मुलगी ट्रेक ग्रुप चालवते, मागच्या सीझनला हिमाचलात अकरा जणांना घेऊन गेली आणि वर बर्फ पडला म्हणून तीन रात्री एकाच जागी तंबूत अडकली. सगळे धड परत आले. पण तिसऱ्या दिवशी कोणी कोणाशी बोलत नव्हतं, एकजण चिडून एकटाच खाली उतरायला निघाला त्याला अर्ध्या वाटेवरून ओढून आणावं लागलं, आणि स्टोव्ह तंबूत पेटवायचा की बाहेर यावरून जोरात भांडण झालं. आता जो तो तिला शॅकल्टनचं उदाहरण देतो, म्हणजे ज्याचं जहाज अंटार्क्टिकाजवळ बर्फात अडकलं त्या ब्रिटिश मोहिमेच्या लीडरचं. म्हणून ती विचारते की तिथं शॅकल्टन असता तर त्याने काय वेगळं केलं असतं, आणि असा लीडर जन्मावाच लागतो काय.

मी डिचोलीचा. आधी मांडवीत खनिजाच्या बार्जवर इंजिन बघायचो, नंतर वास्कोला हेडलँड सड्यावर जे ध्रुवीय संशोधन केंद्र आहे तिथून दोनदा अंटार्क्टिकाला गेलो, दोन्ही वेळा विंटर टीममध्ये, मैत्री या भारताच्या स्टेशनवर. पहिल्या खेपेला जनरेटर, दुसऱ्या खेपेला बर्फावर चालणाऱ्या गाड्या आणि त्यांचा कॉन्वॉय माझ्याकडे. विंटर टीम म्हणजे पंचवीसेक माणसं, मार्चच्या सुमाराला जहाज गेलं की पुढचं जहाज येईपर्यंत तीच तोंडं, त्यात मे महिन्याच्या शेवटापासून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य वर येतच नाही. आम्हाला पोटभर जेवण होतं, हीटर होता, सॅटेलाइट फोन होता, त्यामुळे शॅकल्टनच्या माणसांशी आमची तुलना होऊच शकत नाही. पण थांबणं म्हणजे काय ते मी तिथं शिकलो, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते तिथंच आहे.

गोष्ट माहीत असली तरी चार ओळीत सांगतो. १९१४ च्या ५ डिसेंबरला २८ माणसं घेऊन 'एन्ड्युरन्स' जहाज दक्षिण जॉर्जिया बेटावरून निघालं, जानेवारी १९१५ मध्ये वेडेल समुद्रात बर्फात अडकलं, जिथं उतरायचं होतं तो किनारा जेमतेम एका दिवसाच्या प्रवासावर असताना. आता समुद्रातला बर्फ एका जागी बसत नाही, वारा आणि प्रवाह त्याला फिरवत नेतात, आणि वेडेल समुद्रात तो घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरतो, त्यामुळे जहाज बर्फाबरोबर वाहत राहिलं आणि बर्फाच्या लाद्या एकमेकीवर चढायला लागल्या तशी त्याच्या बरगड्या मोडत गेल्या. नॉर्वेच्या नान्सेनचं 'फ्राम' जहाज खालून गोल बांधलेलं होतं म्हणून दाब आला की ते वर उचललं जायचं, 'एन्ड्युरन्स'चा तळ तसा नव्हता. २७ ऑक्टोबर १९१५ ला जहाज सोडलं, २१ नोव्हेंबरला ते बुडालं. (२०२२ च्या मार्चमध्ये ते तीन हजार मीटर खोल सापडलं, मागच्या बाजूवर नाव अजून वाचता येतंय, तो फोटो बघितला तेव्हा मला रात्री झोप आली नाही.) मग पाचेक महिने बर्फाच्या तुकड्यावर तंबू, ९ एप्रिल १९१६ ला तीन होड्या पाण्यात, १५ एप्रिलला एलिफंट बेट. तिथून २४ एप्रिलला शॅकल्टन पाच माणसं घेऊन सात मीटरच्या 'जेम्स केअर्ड' होडीतून ८०० समुद्री मैलांवरच्या दक्षिण जॉर्जियाला निघाला, १० मे रोजी पोचला, मग दोघांना घेऊन मधले डोंगर छत्तीस तासांत ओलांडले, आणि चौथ्या प्रयत्नात चिली देशाच्या 'येल्चो' जहाजातून ३० ऑगस्टला मागे राहिलेल्या बावीस जणांना आणलं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जिवंत.

आता लोक यातली होडी सांगतात. होडी खरंच थोर आहे, दर्यावर काम केलेल्या माणसाला ती जास्तच कळते, जहाजाचा कॅप्टन वॉर्सली, त्याला सगळ्या प्रवासात सूर्य फक्त चार वेळा धड मोजता आला आणि तरी बेट चुकलं नाही. पण बाय, तुला होडी हाकायची नव्हती. तुला तीन दिवस बसायचं होतं. म्हणून मी तुला होडीतला शॅकल्टन सांगणार नाही, त्याआधी बर्फावर बसून त्याने काय केलं ते सांगतो, आणि मग मागे राहिलेल्या बावीस जणांकडे येतो.

पहिली गोष्ट, जहाज गेलं तेव्हा त्याने जुना बेत लगेच मोडीत काढला. अंटार्क्टिका खंड आरपार चालत जायचं हे त्याचं आयुष्यभराचं स्वप्न होतं, पैसे जमवून, लोकांचे उंबरे झिजवून आलेला माणूस. ते गेलं आणि त्याने सगळ्यांसमोर सरळ सांगितलं की आता आपण घरी जायचं. मग प्रत्येकाला दोन पौंड खाजगी सामान ठेवायची परवानगी, आणि आधी स्वतः खिशातली सोन्याची नाणी बर्फावर टाकली, राणीने दिलेलं बायबल ठेवून दिलं, त्यातली चारदोन पानं तेवढी घेतली. पण हसी नावाच्या त्याच्या माणसाचा बँजो मात्र बारा पौंडांचा असून बरोबर घ्यायला लावला. तू सांगतेस की दुसऱ्या दिवशीही तुमच्यातले दोघेजण पासवर, म्हणजे वरच्या खिंडीवर, जायचं म्हणत होते आणि तू 'बघूया' म्हणालीस. मला वाटतं तुझी टीम तिथं तुटली, तिसऱ्या दिवशी नाही. कारण 'बघूया' म्हटलं की अर्धी माणसं वर जायची तयारी करतात आणि अर्धी खाली जायची, आणि मग चहा कधी करायचा यावरूनसुद्धा भांडण होतं. तिथंच सांगायचं होतं की पास गेला, आता खाली पोचणं हा आपला ट्रेक.

दुसरी गोष्ट झोपायच्या जागांची. फरच्या उबदार बॅगा अठराच होत्या, बाकीच्या लोकरीच्या, हलक्या. चिठ्ठ्या टाकल्या, आणि त्या चिठ्ठ्या अशा टाकल्या की शॅकल्टन, वाइल्ड, वॉर्सली यांच्या वाट्याला लोकरीच्याच आल्या आणि खलाशांना फरच्या. लोकांना ते कळलंच. आमच्याकडे रांपण, म्हणजे ते लांबलचक जाळं, ओढल्यावर किनाऱ्यावर वांटे घालतात ते तू बघितलं असशील, कोण आधी उचलतो याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, मासळी किती आली याच्याकडे नंतर जातं. तसंच ते. आणि तंबू वाटताना जी माणसं कुरकुरी किंवा फितवणारी वाटली ती त्याने स्वतःच्या तंबूत घेतली, फोटोग्राफर हर्लीला त्यातच, कारण त्याला मान लागायचा आणि मान मिळाला नाही की तो दुसऱ्यांचे कान भरेल अशी भीती. आपण उलट करतो, आवडती माणसं आपल्या तंबूत आणि कटकटे दुसरीकडे. तूही तेच केलंस असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं, राग मानू नको, मीही पहिल्या कॉन्वॉयला तेच केलं होतं.

तिसरी, होडीतली असली तरी इथंच सांगतो. कोणी एकजण गारठून मोडायला आला असं दिसलं की शॅकल्टन सगळ्यांसाठी गरम दूध करायला सांगायचा. त्या एकट्याला दिलं असतं तर त्याला कळलं असतं की आपण सर्वात कच्चे आहोत, आणि बर्फात हे कळलेला माणूस लवकर खचतो. ही गोष्ट मी मैत्रीवर शब्दशः वापरली आहे. एक मुलगा अंधाराच्या महिन्यात जेवायलाच येईना, खोलीतच पडून, तर आमच्या स्वयंपाक्याने आणि मी मिळून रात्री दहाला सगळ्यांसाठी पेज आणि लोणचं असं रोजचंच सुरू केलं, कोणी विचारलं नाही का म्हणून, तो मुलगा तिसऱ्या रात्री आला.

त्याच्या चुकाही होत्या, त्या लपवायच्या कशाला. बर्फावर असताना सील मारून साठा करायला तो फार उत्सुक नसायचा, जास्त मांस साठवलं तर माणसांना वाटेल की हिवाळाही इथंच काढायचा, असा त्याचा हिशेब. त्याचा कोठारवाला ऑर्ड-लीस यावर चिडायचा आणि माझ्या मते तो कोठारवाला बरोबर होता. पुढे अन्न कमी पडलं आणि कुत्रे मारून खावे लागले. लोकांचा उत्साह सांभाळायचा म्हणून डिझेल कमी भरून चालत नाही, मी जनरेटरवाला माणूस आहे, माझं मत पक्कं आहे.

आणि 'शॅकल्टनने एकही माणूस गमावला नाही' हे जे पोस्टरवर लिहितात ते अर्धंच खरं. त्याच मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडे रॉस समुद्रात होती, शॅकल्टन चालत येईल त्याच्यासाठी वाटेत अन्नाचे साठे ठेवायला. त्यांचं जहाज 'ऑरोरा' मे १९१५ मध्ये वादळात दोर तोडून वाहून गेलं आणि दहा माणसं किनाऱ्यावर राहिली. त्यांनी तरी साठे ठेवले, जो माणूस कधी येणारच नव्हता त्याच्यासाठी. तिघे मेले. त्याच्याकडे परत येतो.

आता वाइल्ड. फ्रँक वाइल्ड हा शॅकल्टनचा उजवा हात, १९०९ मध्ये दक्षिण ध्रुव ९७ समुद्री मैलांवर राहिला असताना शॅकल्टन मागे फिरला तेव्हाही हा बरोबर होता. होडी निघून गेली आणि एलिफंट बेटावर बावीस माणसं उरली, ती याच्या ताब्यात. कल्पना कर बाय. राहिलेल्या दोन होड्या पालथ्या घालून खाली दगडांच्या भिंती, आत ताठ उभं राहता येत नाही, चरबीच्या चुलीचा काळा धूर, खाली पेंग्विनची घाण वितळून चिखल. चोरून जहाजावर चढलेला ब्लॅकबरो नावाचा पोरगा, त्याच्या पायाची बोटं सडलेली, ती तिथंच डॉक्टरांनी जून महिन्यात कापली, क्लोरोफॉर्म जरा तरी उडावा म्हणून पेंग्विनची कातडी जाळून झोपडी तापवली. एकाला हृदयाचा झटका येऊन गेलेला, एकजण मनाने पार बसलेला. होडी पोचली की बुडाली हे कळायचा काही मार्ग नाही. १२८ दिवस.

वाइल्ड रोज सकाळी काय करायचा, समुद्र बर्फाने भरलेला नसला की सगळ्यांना उठवायचा आणि सांगायचा, बॅगा गुंडाळा, बॉस आज येईल कदाचित.

त्यातल्या 'कदाचित'वर मी फार विचार केलाय, आणि का ते सांगतो. दुसऱ्या विंटरला, अंधार संपल्यावर, आम्ही पाचजण दोन गाड्या घेऊन शेल्फच्या, म्हणजे किनाऱ्याला लागून समुद्रावर तरंगणाऱ्या जाड बर्फाच्या, दिशेने निघालो, इंधनाची पिंपं आणायची होती, वाट शंभरेक किलोमीटरची. अर्ध्यावर ब्लिझार्डने, म्हणजे बर्फाच्या वादळाने, गाठलं. समोरच्या गाडीचा मागचा दिवा दिसेना, गाड्या एकमेकींना चिकटवून उभ्या केल्या आणि बसलो. रेडिओवर स्टेशनशी बोलणं होत होतं, खायला भरपूर, त्यामुळे जिवाची भीती म्हणशील तर तितकी नव्हती. पहिल्या संध्याकाळी मी म्हणालो उद्या वारा पडेल. दुसऱ्या संध्याकाळी परत म्हणालो उद्या नक्की पडेल. तिसऱ्या संध्याकाळी मी तोंड उघडलं तर आमच्यातला सर्वात शांत माणूस म्हणाला, तू आता काही सांगू नकोस. त्यानंतर मी सांगितलेलं काहीच कोणी ऐकलं नाही, बाहेर जाताना दोर बांधा हे सांगितलं तेही दोनदा सांगावं लागलं, आणि दोर न बांधता त्या वाऱ्यात तीन मीटरवर माणूस हरवतो. चौथ्या दिवशी दुपारी वारा पडला. मी कोणाशी खोटं बोललो नव्हतो, मला खरंच वाटत होतं तसं. पण मी तारीख दिली होती, आणि तारीख हुकली की माणसं नुसती हवामानावर चिडत नाहीत, ती तुझ्यावर चिडतात, आणि मग तुझा खरा शब्दही वाया जातो.

वाइल्डने तारीख दिली नाही. त्याने काम दिलं. बॅग गुंडाळणं हे खरं काम आहे, दोन मिनिटांचं, अंग हलतं, ओली बॅग झटकली जाते, झोपून राहायचा मोह मोडतो, आणि बॉस नाही आला तर संध्याकाळी परत उलगडायची, कोणाचा अपमान नाही. बाकीही सगळं तसंच, स्वयंपाक्याची पाळी, शनिवारी स्टोव्हच्या स्पिरिटमध्ये पाणी, साखर आणि आलं घालून काहीतरी पेय, बँजोवर गाणी, अन्नाबद्दल वाद, कोणता पुडिंग चांगला यावर तासनतास. होडी दिसली नाही आणि ऑगस्ट संपत आला तेव्हा स्वतः होडी घेऊन निघायचीही तयारी त्याने मनाशी करून ठेवली होती. ३० ऑगस्टला 'येल्चो' आली तेव्हा तासाभरात सगळे जहाजावर होते. शॅकल्टन गेला १९२२ मध्ये आणि दक्षिण जॉर्जियात पुरला, वाइल्ड १९३९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जवळजवळ विसरला गेलेला असा वारला, त्याची रक्षा २०११ मध्ये नेऊन शॅकल्टनच्या उजव्या बाजूला ठेवली तेव्हा कुठे.

तर रॉस समुद्राकडे परत. तिथं मेलेल्या तिघांपैकी स्पेन्सर-स्मिथ साठे ठेवून परतीच्या वाटेवर स्कर्व्हीने, म्हणजे ताजं अन्न न मिळाल्याने होणाऱ्या आजाराने, मेला. त्याच्याबरोबर स्लेज ओढणारे उरलेले पाचजण मार्च १९१६ मध्ये कसेबसे हट पॉइंटच्या जुन्या झोपडीत पोचले. सील होते, ताजं मांस खाऊन स्कर्व्ही उतरायला लागली, छप्पर होतं. मुख्य तळ वीसेक किलोमीटरवर, मध्ये समुद्रावरचा नवा बर्फ. थांबलं की तो जाड होणारच होता. पण लीडर मॅकिंटॉश आणि त्याच्याबरोबर हेवर्ड, त्यांना त्या धुराने भरलेल्या झोपडीत बसवेना. ८ मे रोजी बाकीचे नको नको म्हणत असताना दोघे निघाले, थोड्या वेळाने ब्लिझार्ड आला, नंतर पावलांचे ठसे जिथं संपले तिथं पुढे उघडं पाणी. इतकं सगळं सोसून, दोनशे दिवस स्लेज ओढून, मग बसवलं नाही म्हणून गेले. मागे राहिलेले तिघे जुलैच्या मध्यापर्यंत थांबले आणि त्याच वाटेने चालत सुखरूप पोचले. त्या तिघांपैकी एक अर्नेस्ट वाइल्ड, फ्रँकचा सख्खा भाऊ. त्या हिवाळ्यात खंडाच्या दोन टोकांना दोन भाऊ, एकमेकांची काहीच खबर नाही, आणि दोघेही थांबलेत. मला ही गोष्ट जेव्हा पहिल्यांदा कळली तेव्हा मी वर्कशॉपमध्ये होतो, हातातलं स्पॅनर खाली ठेवून बसलो थोडा वेळ.

तुझा तो रागाने निघालेला मुलगा म्हणजे हा मॅकिंटॉशच. तू त्याला ओढून आणलंस ते शंभर टक्के बरोबर केलंस, आणि लोकांसमोर ओढून आणलंस म्हणून वाईट वाटून घेऊ नको. पण आणल्यावर काय केलंस? तू लिहिलंयस की त्याच्याशी कोणी बोललं नाही. शॅकल्टनच्या सुताराने, मॅकनिशने, डिसेंबर १९१५ मध्ये होड्या ओढायला नकार दिला होता, जहाज बुडालं म्हणजे करार संपला असं त्याचं म्हणणं. शॅकल्टनने सगळ्यांना उभं करून करार वाचून दाखवला, कडक बोलला, प्रकरण मिटवलं, आणि चार महिन्यांनी होडीत नेताना त्याच माणसाला बरोबर घेतला, कारण सुतार तोच सर्वात चांगला होता, आणि कारण मागे ठेवला असता तर वाइल्डच्या डोक्याला ताप झाला असता. त्याच मॅकनिशने होडीच्या कडा वाढवल्या, वर कॅनव्हास ताणून डेक केला, डोंगर ओलांडायला बुटांच्या तळव्यात स्क्रू ठोकून दिले. पुढे घरी गेल्यावर शॅकल्टनने त्याला ध्रुवीय पदक मिळू दिलं नाही. ते मला अजूनही पटत नाही, सुताराशिवाय ती होडी बुडालीच असती. पण बर्फावर असताना त्याने त्याला काम दिलं, जबाबदारीचं, त्यालाच येणारं. तुझ्या त्या मुलाला तंबूवरचा बर्फ दर दोन तासांनी झाडायचं काम दिलं असतंस तर त्याला बाहेर जायला मिळालं असतं आणि सगळ्यांना त्याची गरज लागली असती.

'बोलत नव्हते' याबद्दल मात्र तू फार घाबरलीयस असं वाटतं. न बोलणं प्रत्येक वेळी वाईट नसतं. स्कॉटच्या मोहिमेतली सहा माणसं १९१२ चा अख्खा हिवाळा बर्फात खोदलेल्या एका गुहेत राहिली, जहाज घ्यायला येऊ शकलं नाही म्हणून. त्यांचा लीडर कॅम्पबेल याने गुहेच्या जमिनीवर रेघ मारली, एका बाजूला अधिकारी, दुसऱ्या बाजूला खलाशी, आणि नियम असा की रेघेच्या पलीकडचं बोलणं ऐकू आलं तरी ऐकलं नाही असं धरायचं. हाताच्या अंतरावर झोपलेली माणसं! ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामुळे प्रत्येकाला मनातलं ओकायला जागा मिळाली. साखर, चॉकलेट वार ठरवून वाटायचे, त्यामुळे वाट बघायला आठवड्यात काहीतरी असायचं. सहाही जगले. मैत्रीवर आमचीही अशी एक न मारलेली रेघ होती, नाश्त्याला कोणी कोणाला काही विचारायचं नाही, ज्याला बोलायचंय तो बोलेल. आणि रात्रीचं जेवण मात्र सगळ्यांनी एकत्र, आजारी नसेल तर सूट नाही. दिवसातून एकदा सक्तीने एकत्र आणि एकदा हक्काने एकटं, तंबूत तीन दिवस असलीस तरी हे जमतं.

आणि काहीतरी वाजवायचं लागतंच. माझ्याबरोबर घुमट होतं, आमचं मडक्याचं वाद्य, घरचं, बकऱ्याच्या कातडीचं. हीटरच्या कोरड्या हवेने कातडं इतकं ताणलं गेलं की आवाज बदलला, मी रात्री ओलं फडकं घालून ठेवायचो. चवथीला आम्ही आरत्या म्हटल्या, केरळचा डॉक्टर, बंगालचा मौसमवाला, लडाखचा एकजण, सगळे झांज घेऊन, शब्द येत नव्हते तरी. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती चौकट, तारेला बांधली, तिच्यावर कांदा, बटाटा, कॅनमधली अननसाची चकती आणि गॅस्केटच्या कागदाची कापलेली पानं. बँजो बारा पौंडांचा असून का घेतला हे मला त्या रात्री समजलं.

जन्मावा लागतो काय म्हणतेस. शॅकल्टनसारखा बोलणारा माणूस कदाचित जन्मावा लागत असेल. वाइल्डसारखं मात्र शिकता येतं, मी शिकलो, उशिरा शिकलो. पुढच्या ट्रेकला निघायच्या आधी तुझ्या ग्रुपमध्ये तो कोण आहे ते ठरव, बहुतेक वेळा तो जास्त बोलत नाही आणि भांडी घासायला आधी उठतो, आणि त्याला फोंड्यातच सांगून ठेव की मी मदत आणायला खाली गेले तर मागचे तुझ्या ताब्यात. वर गेल्यावर सांगितलं तर बाकीचे मानत नाहीत.

स्टोव्हचं शेवटी ठेवलं कारण ते सर्वात महत्त्वाचं, आणि यात मतं विचारायची नाहीत. बंद तंबूत स्टोव्ह जळला की हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, सुस्ती येते, म्हणजे अगदी उंची लागल्यासारखं, म्हणून हिमालयात फसायला होतं. १९३४ मध्ये अमेरिकेचा बर्ड अंटार्क्टिकात एकटा झोपडीत राहत होता, स्टोव्ह आणि जनरेटरच्या धुराने मरता मरता वाचला, रेडिओवरचे त्याचे संदेश तुटक यायला लागले तेव्हा त्याच्या माणसांना संशय आला. आणि १९९० मध्ये आपल्या स्वतःच्या भारतीय मोहिमेतले चारजण हम्बोल्ट डोंगरांत तंबूतच याच वायूने गेले. वास्कोत आम्हाला निघायच्या आधी ही गोष्ट सांगितली तेव्हा खोलीत कोणी हललं नव्हतं. त्यामुळे तुझ्यातला जो 'बाहेर पेटवा' म्हणत होता तो बरोबर. बाहेर वाऱ्याने पेटतच नसेल तर तंबूच्या दारातल्या ओसरीत, वरचं एक आणि खालचं एक तोंड उघडं ठेवून, वरच्या तोंडावर बर्फ साचलाय का ते दर थोड्या वेळाने हाताने बघायचं. पाणी आणि जेवण झालं की लगेच बंद, ऊब घ्यायला पेटवायचा नाही, पेटलेला असेपर्यंत कोणीही झोपायचं नाही. दोघांची डोकी एकाच वेळी दुखायला लागली तर आधी सगळ्यांना बाहेर काढायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी, आणि उंचीचं औषध वगैरे नंतर बघायचं.

दिवाळीनंतर मी घरीच आहे. तुझे ते अकराजण घेऊन एक रविवार डिचोलीला ये, स्टोव्ह आणि तंबू घेऊन, अंगणात लावून दाखवतो.